येऊन राहिला

"अहो वंदनाकाकू, 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि राहिला! वस्तीलाच आला तो. तुम्ही मंडळींनी तर त्याला तीस वर्षं वाटेतच उभा करून ठेवलाय," चर्चचे नवे पाळक अभिनव म्हणाले तसे सगळे खदखदून हसले, आणि वंदनाची बोटं पेटीवर होती तिथंच थांबली. भात्यात उरली होती तेवढी हवा एका सुरातून कण्हत बाहेर पडली आणि संपली. ढोलकीवर पंजाबराव होते. स्टील प्लांटातून रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी दर शनिवारी खुर्सीपारहून सायकल हाणत प्रॅक्टिसला येणारा माणूस, तो काय असा गप्प बसणार! "पास्टरसाहेब, तुमच्या नगरकडं असन तसं," ते म्हणाले. "आमच्यात येऊन राहिला म्हंजे रस्त्यात हाये. पोहोचला नाई अजून. घरून निघाला का नाई, त्याचाबी भरोसा नाई." पुन्हा हशा झाला. वंदनाही हसली, म्हणजे ओठ हसल्यासारखे केले. आत मात्र ते दोन शब्द रुतले होते, आणि ते का रुतले हे त्या चौदा माणसांत तिच्याशिवाय कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पाळकांचं काही चुकलं नव्हतं. चारच महिने झाले होते त्यांना भिलाईला येऊन. पस्तिशीचा माणूस, मराठी कडक इस्त्रीची, मन साधं. गाणं जुनं, पुस्तकातलं. 'दाराशी माझ्या येऊन राहिला, राजा हा कंगालांचा.' लिहिणारा कोणी तिकडचाच असणार. त्याला म्हणायचं होतं की प्रभू आला आणि आमच्यात घर करून राहिला. पण ते पुस्तक भंडारा-गोंदियाच्या माणसांबरोबर गाडीत बसून इकडे आलं, आणि इकडे त्या दोन शब्दांचा अर्थच वेगळा. पोराला जेवायला हाक मारली की पोरगं गल्लीतून ओरडतं, येऊन राहिलो. नवरा प्लांटच्या गेटवरून फोन करतो, येऊन राहिलो, आणि तासाभरानं उगवतो. तेव्हा या लोकांनी जे समजायचं तेच समजून घेतलं. राजा निघालाय, दार उघडं ठेवा. मग गाण्याची चालही तशीच झाली. तिकडे म्हणे हे गाणं नाताळच्या सकाळी टाळ्या वाजवत तीन मिनिटांत उरकतात. इथं ते नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या चार आठवड्यांत, एकेक शब्द ताणून म्हटलं जाई. 'येऊन'वरचा सूर तर असा लांबवायचा की म्हणणाऱ्याची नजर आपोआप दाराकडे जावी. चार कडवी, प्रत्येक कडव्यानंतर धृपद दोनदा, एकूण नऊ मिनिटं. नऊ मिनिटं हा आकडा वंदनाला पक्का ठाऊक होता. सहा वर्षं ती तो डोक्यात घेऊन फिरत होती.

"उद्या आगमनाचा पहिला रविवार," पाळक म्हणाले. "उद्या आपण ते आनंदानं म्हणू. जलद. आणि काकू, तुम्ही पुढे उभं राहून म्हणा, पेटी मी धरतो. सगळे सांगतात तुमच्या आवाजाबद्दल, मी तर अजून ऐकलाच नाही." वंदना म्हणाली, "माहा गळा बसला हाये." खोलीतलं हसू एकदम विझलं. पंजाबरावांनी पाळकांच्या कानाशी तोंड नेलं, आणि ते काय सांगताहेत हे न ऐकताही तिला शब्दन् शब्द कळत होता. तिचा नवरा गेला ना, हेच गाणं चालू होतं तवा, बिचारी तेव्हापासून म्हणत नाई. पाळकांचा चेहरा उतरला. "माफ करा काकू, मला माहीत नव्हतं." माफ करा! ती पाणी प्यायला म्हणून उठली, माठापाशी गेली, पेला भरला आणि हातात धरून उभी राहिली. सहा वर्षं हेच चाललं होतं. त्या गाण्याला तिनं पेटी वाजवायची तोंड मिटून, नाहीतर उठून पाण्याला यायचं, आणि लोकांनी हळहळून वाट करून द्यायची. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळहळीनं तिला नको नको झालं होतं.

घरी जाताना रिसालीच्या ऑटोत तिला कडेची जागा मिळाली. डोक्यात गाणं सुरूच होतं, आणि तेही नव्या चालीवर, टाळ्यांच्या. आला आणि राहिला, आला आणि राहिला. गाण्याचं हेच तर वाईट. माणसाला घराबाहेर काढता येतं, गाण्याला काढता येत नाही. कपड्यांना इस्त्री करताना, कुकरची शिटी मोजताना ते कधी ओठांवर येऊन बसायचं ते कळायचं नाही, आणि आलं की पाठोपाठ फिनाईलचा वास, हिरवा पडदा, लेकीचं, टीनाचं, पांढरं पडलेलं तोंड. एकदा बाजारात भाजी घेताना नुसते पहिले तीन सूर कोणीतरी गुणगुणले, तर ती अर्धा किलो वांगी तिथंच सोडून चालती झाली होती. घरी आल्यावर कळलं, गुणगुणणारी ती स्वतःच होती. याला काय म्हणावं! आई असती तर म्हणाली असती, मी सांगत होती ना तुले.

आई, ठकूबाई, दुर्गच्या रेल्वे क्वार्टरात राहायची. वडील पॉइंट्समन. आईच्या आईनं मिशनच्या दवाखान्यात बाप्तिस्मा घेतलेला, तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी गाणं आणि प्रार्थना. आई शिकवायची फार गोड, पण तिचा एक नियम होता: गाताना आपला आवाज आपण आयकायचा नाही. "गाणं देवाचं, गळा देवाचा. तू कान देऊन राहिली कायले?" वंदना नऊ वर्षांची असताना नाताळच्या उपासनेत एकटीनं गायली आणि कोणा बाईनं तिचा गालगुच्चा घेऊन म्हटलं, कोकिळा आहे गं पोर. घरी आल्यावर तिनं आरशासमोर उभं राहून तेच कडवं पुन्हा म्हणून पाहिलं. आईनं ते पाहिलं. मारलं नाही, ओरडली नाही. वर्षभर तिला मागच्या रांगेत उभी केली, बस. त्या वर्षात वंदना ओठ हलवायला शिकली आणि आवाज गिळायला. पण ऐकणं काही सुटलं नाही. ती स्वतःला ऐकायचीच. गळा लागला की अंगातून काहीतरी सरसरत वर जायचं, डोळे आपोआप मिटायचे आणि जगात दुसरं कोणी उरायचं नाही. हा देव, असं ती स्वतःला सांगायची. देवच असेल, नाहीतर इतकं बरं कसं वाटेल? आणि लगेच आईचा आवाज यायचा, गूळ खाल्ल्यावरबी बरं वाटते.

नवऱ्याला, हिरालालला, हे असलं काही समजायचं नाही. तो तिरोड्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, प्लांटात रूळ बनतात त्या रेल मिलमध्ये क्रेन चालवायचा. बाप्तिस्मा घेतला नाही, घेईन म्हणालाही नाही. पण रविवार चुकवायचा नाही. शेवटच्या बाकावर बसायचा, प्रवचनाला खुशाल डुलक्या घ्यायचा आणि पेटीचा सूर आला की ताठ व्हायचा. "तुह्या देवाचं मले काई समजत नाई," तो म्हणायचा, "तुह्या गळ्याचं समजते." ती रागवायची, "असं बोलू नये बाप्पा, पाप लागते." पण गाताना ती शेवटच्या बाकाकडे पाहायचीच. तिथं त्याची बोटं मांडीवर ताल धरत असायची. आता देवासाठी गात होती की त्या बाकासाठी, की दोघांनाही पुढे करून स्वतःसाठीच? हे तिला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. सहा वर्षं मात्र ती स्वतःच स्वतःला विचारत होती आणि प्रत्येक वेळी तिसरंच उत्तर खरं निघत होतं.

तो दिवसही आगमनाच्या आधीचा शनिवारच होता. हिरालालला छातीत कफ होऊन दवाखान्यात ठेवून पाच दिवस झाले होते. ताप उतरला होता, सोमवारी सोडतो म्हणाले होते. त्यानंच तिला हाकललं. "जा ना प्रॅक्टिसले. इथं माह्या तोंडाकडं पाहून काय करशील? टीना हाये." ती गेली. दवाखान्यापासून ऑटोनं सात मिनिटांचा रस्ता. साडेतीनला पेटी उघडली, पंजाबरावांनी थाप दिली, आणि फोन वाजला. टीना. "मम्मी, पप्पा तुले बोलावून राहिले. उनको ठीक नहीं लग रहा. ये ना जल्दी." वंदना म्हणाली, "येऊन राहिली." फोन पेटीवर ठेवला. उठणारच होती. खरंच उठणार होती, हे तिनं देवाला शंभरदा सांगितलं आहे. पण सगळे तोंडाकडे पाहत होते, बोटं पट्ट्यांवरच होती, आणि तिला वाटलं, एकदा म्हणून टाकू, एकदाच, मग निघू. हिरालालला काय, जरा दम लागला की तो असाच घाबरायचा. तिनं सुरुवात केली. पहिलं कडवं घाईत गेलं. दुसऱ्यात गळा जरा मोकळा झाला. आणि तिसऱ्यात जे झालं ते तिच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. आवाज असा लागला की तिला स्वतःलाच तो कोणा दुसऱ्याचा वाटला. खोली, पंजाबराव, खिडकीतला उजेड सगळं गेलं. दवाखाना गेला. हिरालाल गेला. म्हणजे आठवणीतून गेला. तो हाक मारतोय हे ती विसरली. विसरायचं ठरवून विसरली असती तर निदान तसं कबूल तरी करता आलं असतं. ती नुसती सुखात होती. नवरा तिकडे जीव सोडत होता आणि ही इकडे आयुष्यात कधी नव्हती इतकी सुखात होती.

पोहोचली तेव्हा हिरवा पडदा ओढलेला होता. टीनानं विचारायच्या आतच वंदनाच्या तोंडातून निघून गेलं, "ऑटोच नाई भेटला गं. किती वेळ उभी होती चौकात." टीना तिच्याकडे पाहत म्हणाली, "ठीक है मम्मी." झालं. एवढंच. त्यानंतर तो मेला ऑटो पक्काच झाला. दिरांना सांगितलं, ऑटो नाही भेटला. पंजाबराव भेटायला आले तेव्हा ती घाबरली होती, पण त्यांना वाटलं पहिला फोन साधाच असावा आणि बोलावणारा फोन गाणं संपल्यावर आला असावा. त्यांनी कशाला खोदून विचारावं? खोटं बोललं की ते पुन्हा पुन्हा बोलावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा बोलून ते इतकं गुळगुळीत होतं की एखाद्या दिवशी तिला तो चौकही दिसायचा, ती स्वतः हात करताना दिसायची. प्रभुभोजनाची भाकर हातात घेण्याआधी मन तपासा म्हणतात. ती तपासायची, त्या चौकापर्यंत जायची आणि परत फिरायची.

देवाला सांगणं सोपं होतं. त्याला आधीच माहीत. अवघड होती टीना. अठ्ठावीस वर्षांची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, मराठी बोलायची फक्त घरात आणि तेही हिंदीला धरून. बापाची लाडकी. घरात आता दोघीच. टीनाला कळलं तर ती तोंड बघणार नाही, बॅग भरून रायपूरला जाईल, तिकडच्या लॅबचं बोलावणं दोनदा येऊन गेलंच होतं. वंदनाला दुसरं होतं कोण? म्हणून सहा वर्षं ती ऑटोला धरून बसली होती. आणि आज त्या भल्या माणसानं हसत हसत सांगितलं की येऊन राहिला म्हणजे आला आणि राहिला. मग तिनं त्या दिवशी फोनवर काय सांगितलं होतं? नगरच्या मराठीत धरलं तर ती पोहोचली होती, बाजूला बसून होती. भिलाईच्या मराठीत ती रस्त्यात होती. आणि ती होती कुठे? पेटीवर. दोन्ही भाषांत खोटं. रिसालीला ती ऑटोतून उतरली. उद्या पुढे उभं राहायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. टीनाला सांगितल्याशिवाय आता या तोंडानं काही म्हणता येणार नव्हतं, ना हळू, ना जलद.

टीना ओट्यापाशी चहा गाळत होती. पाच वाजायला आले होते, खिडकीतून अजून ऊन येत होतं. "तेरा भी रखा है," ती म्हणाली. "आज जल्दी सुटली?" वंदना चप्पल न काढताच खुर्चीवर बसली. "टीना, बस इथं. मले काई सांगायचं हाये." टीनानं गाळणी ठेवली. "पप्पा गेले त्या दिवशी मले ऑटो भेटला नव्हता म्हटलं ना मी. तसं नव्हतं. मी निघालीच नव्हती. तुहा फोन आला अन् मी..." तिनं चप्पल काढून बाजूला सारली. "मी गाणं म्हणत बसली. पुरं म्हटलं. अन् मंग निघाली. ऑटो तं दारातच उभा होता."

दोन्ही कप उचलून टीनानं टेबलावर आणले, एक आईपुढे सरकवला आणि समोर बसली. "मले माहीत हाये," ती म्हणाली.

वंदनाला आधी ऐकू आलं तेच कळलं नाही. "काय माहीत हाये?"

"सब. तू फोन काटलाच नव्हता मम्मी. मी हॅलो हॅलो करून राहिली होती अन् तिकडून पेटी सुरू झाली. मी ओरडली, मम्मी, मम्मी. तुले कुठं ऐकू येणार! मी काटणार होती. तर पप्पांनी डोळे उघडले, माहा हात पकडला. राहू दे म्हणाले. मी स्पीकर ऑन केला अन् त्यांच्या उशीवर ठेवला." टीना कपाच्या कानावरून बोट फिरवत होती. आवाज अगदी सपाट होता, लॅबमधला रिपोर्ट वाचल्यासारखा. "ते चादरीवर ताल धरून राहिले होते. दुसऱ्या कडव्यापर्यंत. तिसऱ्यात बोटं थांबली, पण श्वास होता. मी सिस्टरला आवाज दिला, सगळे धावले, फोन तिथंच. ते छाती दाबून राहिले होते अन् तू गात होती. इतनी सुंदर तू कधीच नाई गायली. मले इतका गुस्सा कधीच नाई आला, मम्मी, जितका त्या गाण्याचा आला. चौथं संपलं. तिकडं कोणी तरी म्हटलं, वा वंदनाबाई. अन् तू हसली. तुह्या हसण्याचा आवाज आला, तवा डॉक्टर हात काढून मागे झाले होते."

चहावर साय धरली. वंदनाला वाटलं आता आपण काहीतरी बोललं पाहिजे, माफी मागितली पाहिजे, पाय धरले पाहिजेत, पण आत सगळं कोरडं ठणठणीत होतं, आणि त्या कोरड्या जागेत एकच लाजिरवाणा प्रश्न तडफडत होता. तिसरं कडवं त्यानं ऐकलं का? त्याच्या कानात ते गेलं का? हा प्रश्न आता पडावा! तिनं तो दातांखाली दाबून धरला. "मंग तू बोलली कावून नाई?" तिनं विचारलं. "सहा वर्षं?"

"तू बोलशील म्हणून. दर वेळी वाटलं, आज बोलेल. तू दर वेळी ऑटोचं सांगत राहिली. काकांना, पंजाबराव अंकलना, त्या नव्या पास्टरच्या मिसेसलासुद्धा. मी बाजूलाच बसलेली असायची." आता टीनाचा आवाज हलला. "गाण्याचं मी माफ करून टाकलं होतं, कधीचं. पप्पांनी राहू दे म्हटलं होतं, मी कोण? ऑटोचं नाई झालं माफ."

"रायपूरला जाशील?" वंदनानं विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"पता नहीं." टीनानं नाक पुसलं. मग मान वर करून सरळ आईच्या डोळ्यांत पाहिलं. "ते गाणं म्हण."

"आता?"

"आता. माह्यासमोर. त्या दिवशी मी ते फक्त फोनवर ऐकलं. तू डोळे मिटून कशी दिसत असशील, हसताना कशी दिसत असशील, ते मी सहा वर्षं मनातच पाहून राहिली. मले पाहायचं हाये तुहं तोंड. पूर्ण म्हण. चारही."

ही शिक्षा होती की काय होतं, कोण जाणे. प्रभू, हे नको, वंदना मनात म्हणाली, दुसरं काहीही सांग. पण पोरीनं सहा वर्षांत मागितलेली ही एकच गोष्ट होती. पेटी नव्हती, ढोलकी नव्हती. तिनं टेबलाची कड हातानं धरली आणि सुरुवात केली, जुन्या चालीवर, कारण दुसरी तिला येतच नव्हती. पहिल्या कडव्यात आवाज फाटला. शब्द कोरड्या भाकरीसारखे घशात अडकत होते, आणि तिला बरं वाटलं, हेच योग्य आहे, आपला गळा मेलाय, पोरीला दिसू दे मेलेला गळा. दुसरं कडवं तिनं तसंच ओढत नेलं. टीना पापणी न हलवता पाहत होती. आणि तिसऱ्या कडव्याच्या पहिल्याच ओळीला, काही ध्यानीमनी नसताना, आवाज लागला. तिनं तो दाबून पाहिला. नाही दबला. तेच सरसरत वर जाणारं, तेच, सहा वर्षं कुठं जाऊन बसलं होतं देव जाणे, अंगभर पसरलं. तिला लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वरून तो आनंद आलाच. डोळे मिटायला लागले तेव्हा तिनं ते जोर करून उघडे ठेवले. तोंड फिरवलं नाही, पदर ओढला नाही. जे होतं ते सगळं चेहऱ्यावर तसंच राहू दिलं आणि टीनाकडे पाहत ती चौथ्या कडव्यात शिरली.

"असंच असन वाटलं होतं मले," टीना म्हणाली, आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. वंदना गात होती. दोन ओळी राहिल्या होत्या. ती मधेच थांबली, खुर्ची मागे लोटून उठली आणि टीनाच्या बाजूला जाऊन बसली.